चांदणी चौकाचं तिकीट

कोळवणच्या हैबतरावांनी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, आणि तेवढ्या काळात माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायची त्यांची सवय पार मोडून गेली. विनातिकीट माणूस कंडक्टरची नजर चुकवतो असं लोकांना वाटतं. हैबतराव म्हणत, तसं नसतं. तो उलट खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून बघतो, जन्मात कधी झाड पाहिलं नसल्यासारखा.

निवृत्तीनंतर गाडी सुटली, पण नजर काही सुटली नाही. खताच्या गोणीवरची तारीख, दूधवाल्याचं माप, फार्महाऊससाठी जमीन बघायला आलेल्या पुणेकराच्या जीपचा नंबर, सगळं ते तपासून घेत. त्यांची बायको सारजाबाई म्हणायची की देवळातला प्रसादसुद्धा हा माणूस उलटापालटा करून मगच तोंडात टाकतो.

त्यांची एकुलती मुलगी रेश्मा नर्स होती. चार वर्षं बावधनच्या बाजूला एका मोठ्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात काम करत होती. डिसेंबरात भाताची झोडणी उरकली, त्या आठवड्यात ती सुट्टीवर घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, की तिला परदेशी जायचंय. सारजाबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर जरा जास्तच भाजली गेली. हैबतरावांनी फक्त विचारलं, कुणाच्या ओळखीनं.

रेश्माने दोन वाटा सांगितल्या. पहिली अमोलची. अमोल हा हैबतरावांच्या चुलतभावाचा मुलगा. बापाची जमीन विकून त्याने लवळे फाट्यावर परदेशी पाठवायचं ऑफिस थाटलं होतं. तो म्हणत होता, दोन महिन्यांत इटली. दुसरी वाट आरिफाची. आरिफा पौडच्या इस्माईलभाईंची मुलगी, रेश्माच्याच वॉर्डातली नर्स. ती वर्षभर जर्मन शिकत होती. त्या वाटेनं आधी भाषेची परीक्षा, मग मुलाखत, मग पदवीची तपासणी, मग नोकरीचा करार आणि सगळ्यात शेवटी कामाचा व्हिसा. दीडेक वर्ष तरी लागणार. पण उमेदवाराने कुणाला फी द्यायची नाही, सगळा खर्च तिथल्या दवाखान्याचा.

"फुकट?" हैबतरावांनी विचारलं.

फुकट, रेश्मा म्हणाली. त्याच क्षणी हैबतरावांच्या मनातून आरिफाची वाट उतरली. जो आपल्याकडून काही घेत नाही, तो आपल्यालाच विकत असणार, असा त्यांचा हिशेब. अमोल निदान फी तरी उघड मागत होता. अर्थात अमोलवरही त्यांचा भरवसा नव्हता. त्याच्या बापाला त्यांनी बांध सरकवताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं होतं.

दोन दिवसांनी बापलेक लवळे फाट्यावर गेले. ऑफिस झकपक होतं. काचेचं दार, निळा सोफा, भिंतीवर परदेशी इमारतींचे फोटो. अमोलने काका काका करत चहा मागवला आणि व्हिसाचे प्रकार समजावून सांगायला लागला. कामाचा व्हिसा म्हणजे कटकट, वर्षानुवर्षं कागद फिरतात. शिक्षणाचा व्हिसा बरा, पण परत वर्षभर कॉलेजात बसा, पुस्तकं उघडा. सगळ्यात सरळ म्हणजे व्हिजिट व्हिसा. पाहुणा म्हणून आत जायचं, तिथं हॉस्पिटल आपल्या ओळखीचं आहे, ते लोक आतल्या आत कामाचा व्हिसा करून देतात.

हैबतरावांनी बशी खाली ठेवली.

"म्हंजे चांदणी चौकाचं तिकीट काढायचं आन् फुडं पार ताम्हिणी घाटापत्तुर बसून जायचं."

अमोल हसला. म्हणाला, काका, तिकडं चेकर नसतो.

"चेकर समद्या रूटवर आसतो," हैबतराव म्हणाले. "कुटं चढंल ते सांगता येत न्हाई, येवडंच."

अमोलने मग भिंतीवरच्या एका मोठ्या फोटोकडे बोट दाखवलं. काशिगचा वाल्मीक, रंभाबाईचा मुलगा, आयटीआय केलेला वायरमन. सात महिने झाले इटलीत आहे, अमोलनेच पाठवला होता. फोटोत वाल्मीक लांब काळा कोट घालून पाण्याच्या काठी उभा होता आणि त्याच्या मागे पिवळ्या, गुलाबी, विटकरी रंगाच्या घरांची रांग दिसत होती. हैबतराव त्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. वाल्मीकला त्यांनी शाळेच्या पासावर कितीदा पौडला नेलं होतं, हसरा पोरगा होता. इथेही तो हसत होता, पण कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. पाण्याकडे बघत होता, जरा जास्तच मन लावून.

त्यांनी अमोलला वाल्मीकचा व्हिसा दाखवायला सांगितलं. अमोल म्हणाला, तो पासपोर्टमध्ये असतो काका, आणि पासपोर्ट त्याच्यापाशी. मग त्याने रेश्माकडे वळून सांगितलं की तिच्या कागदांचं काम चालू झालंय, मुंबईहून शिक्के मारून आले की कळवतो.

कुठले कागद, असं हैबतरावांनी बाहेर आल्यावर विचारलं. वडापच्या जीपमध्ये बसल्यावर रेश्माने सांगितलं. पदवीचं प्रमाणपत्र, चारही वर्षांच्या गुणपत्रिका, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि पासपोर्ट, सगळं अस्सल, आठ दिवसांपूर्वी तिने अमोलकडे दिलं होतं. अमोलदादा घरचाच, म्हणून पावतीही मागितली नव्हती. घरी सांगितलं तर आप्पा नको म्हणतील, म्हणून सांगितलंही नव्हतं.

पोरीने आपल्याला चुकवून हे केलं, ही गोष्ट हैबतरावांना अमोलपेक्षाही जास्त लागली. पण ती मनात ठेवून ते दुसऱ्या दिवशी सकाळी काशिगला रंभाबाईकडे गेले.

रंभाबाई विधवा बाई. दोन म्हशी आणि भाताचा एवढासा तुकडा. वाल्मीक निघाला तेव्हा गावाने शाल-नारळ देऊन त्याला निरोप दिला होता, त्या समारंभाचा फोटो देव्हाऱ्याशेजारी टांगलेला होता. हैबतरावांनी सहज आल्यासारखं दाखवलं. पोरगा कसा आहे, फोन करतो का, पैसे धाडतो का. रंभाबाई म्हणाली, दर रविवारी फोन येतो, पैसेही येतात थोडे थोडे. बोलताना ती हैबतरावांकडे न बघता निखाऱ्यावरची राख हलवत होती. त्यांनी फोटो दाखव म्हटल्यावर तिने मोबाईल काढून दिला आणि म्हशीला वैरण घालायची आहे असं सांगून बाहेर निघून गेली.

फोटो सहा-सात होते. कोट सगळ्यांत तोच. हैबतरावांनी चष्मा पुसला आणि भाचीने शिकवलं होतं तसं दोन बोटांनी एकेक फोटो मोठा करून बघितला. चौथ्या फोटोत वाल्मीकच्या मागे एक पिवळी इमारत होती. तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सज्ज्यातून काहीतरी लांब, करड्या रंगाचं खाली लोंबत होतं. त्यांना आधी वाटलं दोरी. मग त्यांनी आणखी मोठं केलं. ते शेपूट होतं. सज्ज्याच्या कठड्यावर काळ्या तोंडाचं चांगलं दांडगं वानर ऐसपैस बसलेलं होतं.

इटलीत काय असतं आणि काय नसतं हे हैबतरावांना ठाऊक नव्हतं. पण त्या सज्ज्यामागचा डोंगर त्यांना ठाऊक होता. टेमघरचा घाट चढून दासव्याला उतरणाऱ्या गाडीवर त्यांनी पाच वर्षं ड्युटी केली होती. रस्त्यासाठी निम्मा कापून तसाच सोडून दिलेला तो डोंगर तेव्हा रोज दोनदा खिडकीतून दिसायचा. खाली तळ्याकाठी परदेशी गावाची नक्कल केलेली रंगीत घरांची रांग तेव्हाच उभी राहत होती. लवासा.

त्यांनी मोबाईल रंभाबाईला परत दिला आणि फोटो छान आहेत म्हणाले. ती म्हणाली, व्हय, छानच हायेत.

रेश्माची सुट्टी संपत होती, तरी तिला त्यांनी काही सांगितलं नाही. आपली शंका खरी निघेपर्यंत ती दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, ही नोकरीतली जुनी शिस्त. पुढच्या गुरुवारी ते एकटेच पौडला गेले आणि लवासाची गाडी धरली. कंडक्टर तरुण होता, त्याने ज्येष्ठाचं अर्धं तिकीट दिलं. हैबतरावांनी ते वाचून खिशात ठेवलं.

लवासाला तळ्याकाठी पाच-सहा सहली आल्या होत्या, पोरं सेल्फी काढत होती. त्यापलीकडे मात्र शांत होतं. काही घरांना रंग होता पण दारं नव्हती. वरच्या अंगाला अर्धवट इमारतींचे सांगाडे होते आणि त्यांच्या पायऱ्यांवर गवत वाळलं होतं. हैबतरावांनी कुणालाही वाल्मीकचं नाव विचारलं नाही. नाव विचारलं की माणूस सावध होतो. ते नुसते फिरत राहिले. दुपारी एका रिकाम्या इमारतीच्या फाटकाशी निळ्या गणवेशातला रखवालदार डबा खात बसलेला दिसला. त्याने मान वर केली, आणि घास हातातच राहिला.

"बस, जेव आधी," हैबतराव म्हणाले आणि शेजारच्या दगडावर टेकले.

वाल्मीकने डबा बंद केला. पळून जावं का, असं त्याच्या डोळ्यांत क्षणभर दिसलं. मग तो म्हणाला, "कंडक्टरकाका, आईला सांगितलं का तुमी?"

न्हाई, म्हटल्यावर तो सावकाश बोलायला लागला. अमोलने त्याला आधी दुबईला धाडलं होतं, व्हिजिट व्हिसावर. इटलीचे कागद तिथंच येतील म्हणाला होता. एका खोलीत दहा जण. रोज संध्याकाळी त्यातला कुणीतरी म्हणायचा, उद्या येणार. दोन महिने झाले, व्हिसाची मुदत संपत आली आणि कागद काही आले नाहीत. मुदतीबाहेर राहिलो तर दंड आणि मग परत कधीच कुठे जाता येणार नाही, म्हणून तो असलेल्या परतीच्या तिकिटावर निघून आला. पुण्यात अमोल त्याला घ्यायला आला होता. म्हणाला, असा गावात गेलास तर आईला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, शाल-नारळ घेतलाय तिने. सहा महिने थांब, पुढच्या खेपेला नक्की. तोवर लवासात रखवालीचं काम बघतो. पासपोर्ट आणि आयटीआयची प्रमाणपत्रं अमोलने ठेवून घेतली. वर एक कोट आणून दिला आणि फोटो काढून घेतले.

"आन् तू काढू दिलेस," हैबतराव म्हणाले.

"आईला फोटो पायजे होते, काका."

हैबतरावांना राग आला होता, पण तो या पोरावर धरवत नव्हता. ते उठले आणि एवढंच म्हणाले की कागद मी आणतो, पण ते हातात पडले की तू घरी जायचं. तू सांगितलं नाहीस तर मी सांगणार.

अमोलकडून कागद काढायचे कसे, याचा विचार त्यांनी गाडीत केला. आरडाओरडा केला असता तर अमोलने हात वर केले असते. पावती नाही, साक्षीदार नाही, घरचाच माणूस. म्हणून सोमवारी सकाळी ऑफिस उघडायच्या वेळी ते तिथं गेले आणि सौम्यपणे म्हणाले, रेश्माच्या दवाखान्यात अस्सल कागद बघायचेत, दे चार दिवसांपुरते. अमोल म्हणाला, कागद मुंबईला आहेत. कुठल्या ऑफिसात, असं विचारल्यावर तो म्हणाला, तसं सांगता येत नाही, प्रोसेस असते.

"बरं," हैबतराव म्हणाले. "मग थांबतो. येत्याल तवर."

ते निळ्या सोफ्यावर दाराजवळच्या टोकाला बसले. साडेदहाला भूगावचं एक जोडपं मुलाला घेऊन आलं. ती माणसं बसतात न बसतात तोच हैबतरावांनी विचारलं, "कुटलं तिकीट?" त्यांना कळेना. मग ते शांतपणे म्हणाले, व्हिसा कुठला सांगितलाय तुम्हाला, व्हिजिटचा का कामाचा? व्हिजिटचा असेल तर त्यावर काम करता येत नाही. माझी मुलगीही याच्याकडे अडकली आहे, मी तिचे कागद घ्यायला बसलोय. अमोल आतून धावत आला, काकांचं वय झालंय म्हणाला. बापाने अमोलकडे पाहिलं, हैबतरावांकडे पाहिलं, आणि नंतर येतो म्हणून मुलाला उठवलं.

अकराच्या सुमाराला लवळ्याच्या कॉलेजातल्या दोन मुली आल्या. मग पिरंगुटच्या कारखान्यातला एक फिटर. प्रत्येकाला तोच प्रश्न, त्याच आवाजात, एकतीस वर्षं विचारला होता तसा. फिटरने तर तिथंच आपला पासपोर्ट परत मागितला. अमोल पोलिसांना बोलवतो म्हणाला.

"बोलव की," हैबतराव म्हणाले. "त्यास्नीबी हेच इचारतो."

साडेबाराला अमोल आतल्या खोलीत गेला आणि पिवळं पाकीट आणून सोफ्यावर टाकलं. मुंबईला गेलेले कागद आतल्या कपाटातून निघाले. हैबतरावांनी पाकीट उघडून एकेक कागद मोजला, पासपोर्टची सगळी पानं उलटली. मग म्हणाले, आता वाल्मीकचे. अमोलचा चेहरा तेव्हा खरा पडला. काहीही न विचारता त्याने तेही आणून दिले.

त्याच दिवशी ते परत टेमघरचा घाट चढून गेले. वाल्मीक शनिवारी घरी आला. रंभाबाईने आधी त्याला जेवायला वाढलं, मग दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती कोळवणला हैबतरावांकडे आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मला म्हाईत व्हतं, दाजी."

कसं, असं त्यांनी विचारलं.

"हितली लाईट गेली की फोनवर त्याच्याबी खोलीतली जायाची. एकदा न्हाई, धा येळा. पर म्हनलं, लेकराला लपायचं आसंल तर लपू दे. सापडला म्हनून कुटं निगून गेला तर?"

नंतर वाल्मीकने तक्रारीचा अर्ज दिला. महिन्याभरात लवळे फाट्यावरचं ऑफिस बंद झालं. चाकणच्या बाजूला दुसऱ्या नावाने उघडलंय असं कुणी कुणी सांगायचं.

इथवर हैबतरावांचं सगळं बरोबर होतं, आणि तिथंच घोटाळा झाला. आपली नजर अचूक ठरली याचा त्यांना एवढा अभिमान वाटला, की त्यांनी रेश्माचं पिवळं पाकीट घरच्या ट्रंकेत टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली. रेश्माने जर्मनच्या वर्गाला नाव नोंदवण्यासाठी पासपोर्टची प्रत मागितली तर म्हणाले, आता ते खूळ पुरे. एकानं कोट घालून फसवलं, दुसरी फुकट म्हणून फसवेल. इथं पगार काय वाईट आहे?

रेश्माने त्यांना समजवायचा प्रयत्न केला. जर्मनीतल्या दवाखान्याची वेबसाईट दाखवली, आरिफाचा करार वाचून दाखवला. ते प्रत्येक गोष्टीला म्हणायचे, असं कुणीही छापू शकतं. तीन आठवडे असे गेले. मग एका रविवारी दुपारी ती त्यांच्यासमोर येऊन बसली. आवाज न चढवता बोलली.

"आप्पा, अमोलदादानं माझे कागद त्याच्या कपाटात ठेवले होते. तुम्ही तुमच्या ट्रंकेत ठेवलेत. मला दोघांकडंही मागायलाच लागतंय. मग फरक काय?"

"मी तुजा बाप हाय."

"म्हणून तर त्याच्याकडं मागताना रडू आलं नसतं."

ती संध्याकाळच्या गाडीने बावधनला निघून गेली. सारजाबाई भांडी घासून आल्यावर म्हणाल्या, संशय घ्या, कोण नको म्हणतंय, पण घेतलाय तर जाऊन बघा तरी. वाल्मीकसाठी दोनदा घाट चढलात, पोरीसाठी पौडपर्यंत जाववत नाही का?

हैबतराव दुसऱ्या दिवशी पौडला इस्माईलभाईंच्या बी-बियाणांच्या दुकानात गेले. दोघांची जुनी ओळख, पण घरोबा असा नव्हता. हैबतरावांनी सरळच विचारलं, तुम्हाला या फुकटची भीती वाटली नाही का? इस्माईलभाईंनी गल्ल्याखालून एक वही काढली. तिच्यात त्यांनी वर्षभरात विचारलेले प्रश्न लिहिलेले होते. दवाखान्याला नर्स हवी आहे तर तिथल्या पोरी का मिळत नाहीत? मधेच नोकरी सोडली तर काय? करार कुठल्या भाषेतला खरा धरायचा? प्रत्येकासमोर उत्तर, आणि ते कुणाकडून मिळालं त्याचं नाव. दोन प्रश्नांपुढे अजून काही लिहिलेलं नव्हतं.

"भीती तर हायेच," इस्माईलभाई म्हणाले. "पण आमची आरिफा म्हणाली, अब्बा, शंका लिहून काढा, मी एकेक विचारून येते. मग मला गप्प बसता येईना न् नाही पण म्हणता येईना."

आरिफाचा व्हिसा चारच दिवसांपूर्वी आला होता. तिने पासपोर्ट आणून दाखवला. व्हिसावर खालच्या बाजूला जर्मनमध्ये दोन ओळी होत्या. तिने अर्थ सांगितला, पण हैबतरावांनी तिची परवानगी घेऊन त्या ओळी अक्षर अन् अक्षर खिशातल्या डायरीत उतरवून घेतल्या. तिथून ते थेट लवळ्याला गेले. तिथल्या विद्यापीठाच्या फाटकाबाहेरच्या कँटीनमध्ये उभे राहून, कुणाला जर्मन येतं का, असं टेबलाटेबलावर विचारत फिरले. काही पोरं हसली. एका कोपऱ्यातून चष्मेवाली एक मुलगी म्हणाली, मला थोडं येतं काका. त्यांनी डायरी पुढे केली, कुठून आणलं ते सांगितलं नाही. तिने दोनदा वाचून सांगितलं, की या माणसाला काम करायची परवानगी आहे, नर्स म्हणून, आणि फक्त या नावाच्या दवाखान्यात.

आरिफाने अगदी हेच सांगितलं होतं. हैबतरावांनी त्या मुलीला चहा पाजला. ती नको नको म्हणत होती.

शनिवारी ते स्वतः बावधनला गेले. रेश्माची ड्युटी सुटेपर्यंत दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसले. ती आली तसं त्यांनी पिशवीतून पिवळं पाकीट काढून तिच्या हातात दिलं. चुकलो असं काही ते म्हणाले नाहीत, तसं म्हणायची त्यांना सवय नव्हती. म्हणाले, मोजून घे. तिने त्यांच्यासमोरच बाकावर बसून सगळे कागद मोजले, आणि मग दोघं मिळून वडापाव खायला गेले.

रेश्माला भाषा शिकायला तेरा महिने लागले. पहिल्या परीक्षेत ती बोलण्याच्या भागात नापास झाली, दुसऱ्या वेळी पास झाली. मुलाखत व्हिडिओवर होती आणि त्या दिवशी ती मुद्दाम कोळवणला आली. हैबतराव खोलीत बसणार म्हणाले. तिने बसा म्हटलं, पण मधे बोलायचं नाही अशी अट घातली. पडद्यावर दोन बायका होत्या, एक तरुण, एक पांढऱ्या केसांची. पाऊण तास बोलणं चाललं. हैबतरावांना एक अक्षर कळत नव्हतं. ते नुसते त्या बायकांच्या डोळ्यांकडे बघत होते. त्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या की इकडेतिकडे, एवढंच.

शेवटी पांढऱ्या केसांच्या बाईने रेश्माला काहीतरी विचारलं आणि हसली. रेश्मा वळून म्हणाली, त्या म्हणतात तुमच्या वडिलांना काही विचारायचं आहे का?

हैबतराव उठून उभे राहिले. इस्माईलभाईंसारखे त्यांनीही प्रश्न लिहून काढले होते, सव्वीस झाले होते. पण कागद खिशातच राहिला.

"इचार त्यास्नी," ते म्हणाले, "तू गाडीतून उतरशील तवा घ्यायला कोन येनार? ऑफिस न्हाई, मानूस. नाव काय त्या मानसाचं?"

रेश्माला ते विचारायला अवघड वाटलं, पण तिने विचारलं. ती बाई हसायची थांबली. तिने आपल्यासमोरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत एक नाव लिहिलं, तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी येईन, असा त्याचा अर्थ होता, आणि तो हैबतरावांना भाषांतराशिवाय कळला. तरी त्यांनी रेश्माकडून त्या नावाच्या स्पेलिंगची खात्री करून घेतली.

पदवीची तपासणी, करार आणि व्हिसा होऊन पुढच्या फेब्रुवारीच्या शेवटी रेश्मा गेली. पोचल्यावर तिचा निरोप आला, की बाई आल्या होत्या, गाडीला अर्धा तास उशीर झाला तरी थंडीत फलाटावर थांबून होत्या. सारजाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. हैबतरावांनी निरोप दोनदा वाचला, आणि उत्तरात विचारलं, की अर्धा तास उशीर कशानं झाला.